दहावीत नापास : स्पेअर बॉल कोणता घ्यावा?

नोव्हीकर | १४ जानेवारी

मंडळी, बॉलिंगवर (क्रिकेटचं नव्हे, लेनवर बॉल टाकून दहा पिना पाडायचं) इथे धागा सापडला नाही म्हणून काढतोय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी डेट्रॉइटजवळ नोव्हीला असतो. ऑफिसच्या बुधवारच्या लीगमध्ये हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी रॅकवर पडलेला कुठलाही बॉल उचलायचो. दुसऱ्या वर्षी हौसेने १५ पौंडी रिॲक्टिव्ह (लेनवर पकड घेऊन वळणारा बॉल) घेतला, फिंगरटिप ड्रिल करून, म्हणजे बोटांची टोकंच आत जातील अशी भोकं पाडून. हुक, म्हणजे वळण, बरा पडतो. पण ॲव्हरेज १४८ वर जे फतकल मारून बसलंय ते उठायला तयार नाही.

शेवटी कारण शोधायला १६ गेम वहीत लिहून काढले. पहिल्या बॉलनंतर फक्त १० नंबरची पिन उरली, असं ३० वेळा झालं. त्यातल्या १० पाडल्या. बाकी वीस वेळा ती उजव्या कोपऱ्यात आहे तशी. आमच्या अख्ख्या खानदानात दहावीला इतक्या वेळा कुणी नापास झालेलं नाही.

होतं काय, की बॉल सरळ निघाला असं वाटतं आणि पिनेजवळ जाऊन अगदी शेवटच्या क्षणी डावीकडे वळतो. पिनेला वारा घालतो आणि जातो. वळणारच आहे म्हणून जरा उजवीकडे टाकला, की त्या दिवशी तो वळतच नाही, थेट गटारात.

लीगमधले लोक म्हणतात स्पेअर बॉल घे, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना पाडायला (तेच स्पेअर) वेगळा बॉल. प्लास्टिक की युरेथेन? वजन तेवढंच ठेवायचं की कमी? बायको विचारते, "एका बॉलने पडत नाही म्हणून दुसरा आणायचा, त्यानेही नाही पडली तर तिसरा का?" याचंही उत्तर मिळालं तर बरं.

चिकूमिल्कशेक | १४ जानेवारी

शीर्षक वाचून पुरवणी परीक्षेचा धागा समजून आलो. लेनला ३९ बोर्ड, म्हणजे उभ्या फळ्या, असतात म्हणे. आम्हाला एकच होता, पुणे बोर्ड, तोच झेपला नाही. चालू द्या, मी शेवटच्या बाकावर बसलोय.

अण्णा_मिलवॉकी | १५ जानेवारी

नोव्हीकर, वहीत लिहिलंत हे फार चांगलं केलंत. लोक स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) मोजतात, सुटलेल्या पिना कुणी मोजत नाही.

आधी वहिनींसाठी हिशोब. एका गेमला दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, पाळीला दोन बॉल. दुसऱ्या बॉलला उरलेलं पाडलं की पुढच्या बॉलच्या पिना वर बक्षीस मिळतात. दहाही फ्रेममध्ये नऊ पिना पाडल्या आणि उरलेली एक दर वेळी सोडली, तर स्कोअर ९०. तीच एक दर वेळी पाडली आणि शेवटच्या जादा बॉललाही नऊ पडल्या, तर १९०. एकही स्ट्राइक न मारता. म्हणजे त्या एका पिनेच्या मागे दहा गुण असतात. तुमच्या वीस सुटल्या, म्हणजे २०० गुण गेले, १६ गेमांत वाटले तर गेममागे साडेबारा. १४८ अधिक साडेबारा, तुमचं १६० चं ॲव्हरेज त्या उजव्या कोपऱ्यात पडलंय, नुसतं उचलायचं आहे.

आता बॉल का वळतो. लेनवर तेल असतं हे ठाऊक असेलच. नेहमीच्या हाऊस शॉटला, म्हणजे रोजच्या खेळासाठी तेल घालायच्या पद्धतीत, ते मधल्या पट्ट्यात जाड, दोन्ही कडांना पातळ, आणि सुमारे ४० फुटांनंतर नाहीच. पिना ६० फुटांवर. म्हणजे शेवटचे वीस फूट कोरडे. रिॲक्टिव्हचं कवच सच्छिद्र असतं, ते तेल पितं आणि कोरडी जागा मिळाली की पकड घेतं. तुम्ही पैसे त्याचेच मोजलेत. दहावीसाठी तुम्ही डावीकडून उजवीकडे तिरका टाकता. आधी मधलं तेल, मग कोरडी कड. पकड मिळते ती नेमकी पिनेच्या तोंडाशी. त्यातून तेल जागच्या जागी राहत नाही, चार माणसांचे बॉल ते पुढे ओढतात, काही पुसून नेतात. पहिल्या गेमला न वळलेला बॉल तिसऱ्या गेमला त्याच जागी वळतो. तुमचा हात तोच असतो, रस्ता बदललेला असतो.

प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या बॉलला यातलं काही कळत नाही, आणि तोच त्याचा गुण. कवच गुळगुळीत, पोटात पेढ्यासारखी वजनाची चपटी चकती. औताच्या बैलासारखा तो धरलेलं तास सोडत नाही.

तेव्हा प्लास्टिक घ्या, सगळ्यात स्वस्त मिळेल तो. व्हाइट डॉट, टी-झोन, मॅक्सिम, आइस स्टॉर्म, कुठलाही. यांच्यात फरक रंगाचा. जे पैसे वाचतील ते ड्रिलिंगवर खर्च करा.

सरळमार्गी | १५ जानेवारी

मला हे पटत नाही. दुसरा बॉल हा दुकानदारांनी लावलेला नाद आहे. मी १५ वर्षं एकाच बॉलवर खेळतोय. स्पेअरला मनगट सैल सोडायचं, अंगठा वर ठेवून बॉल पुढच्या पुढे लोटायचा, बाजूला फिरवायचा नाही, आणि जरा जोरात. फिरलाच नाही तर वळणार कसा?

वॉल्टर रे विल्यम्सचे जुने सामने बघा. पीबीएचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक बॉलिंगपटूंची संघटना) ४७ किताब आहेत आणि बॉल बघाल तर जेमतेम वळतो. स्पेअर सुटणं जवळजवळ माहीतच नाही. माणूस भौतिकशास्त्राचा पदवीधर, वर घोड्याची नाल फेकण्यातही जगज्जेता. नेम हातात असतो.

दोनहाती | १५ जानेवारी

सरळमार्गी, तुम्हाला जमतं ते सगळ्यांना नाही ना जमत. मी दोन हातांनी टाकतो (जेसन बेलमॉन्टेला बघून शिकलेली पिढी). आमच्या बॉलला फिरकी एवढी असते की ती 'काढून टाकणं' म्हणजे चालताना एकदम दुसऱ्याची चाल चालण्यासारखं आहे. त्यापेक्षा तोच हात, तोच झोका, फक्त बॉल न वळणारा. मला प्लास्टिकनेच वाचवलं.

अण्णा_मिलवॉकी | १६ जानेवारी

सरळमार्गी, तुमची पद्धत चूक नाही. ती येत असेल तर एक बॉल पुरतो. पण वॉल्टर रेचा तो पोटापाण्याचा धंदा होता. नोव्हीकर बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून धावत येऊन, हातातला पिझ्झा खाली ठेवून टाकणार. त्यांना दोन प्रकारचे हात शिकवण्यापेक्षा दोन बॉल देणं सोपं.

झेंडूची_फुलं | १६ जानेवारी

मी न्यू जर्सीत एडिसनला, डावखुरी. त्यामुळे मला छळणारी पिन डाव्या कोपऱ्यातली, सातवी. आमची शाळा तीन वर्षं आधीच सुटली :)

युरेथेनचं उत्तर मी देते, कारण ती चूक मी केलेली आहे. "दोन्हीला चालेल" म्हणून घेतला. तो रिॲक्टिव्हइतका झटकन वळत नाही, आधीपासून हळूहळू वळतो. पण वळतो! तेल उडालेल्या लेनवर तर चांगलाच. प्लास्टिकच्या जवळजवळ दुप्पट पैसे देऊन मी सातवी चुकवायचा नवीन रस्ता शोधला.

मग प्लास्टिक घेतला, आणि खरी गंमत पुढे आहे. जिथे ड्रिल करायला दिला त्या दुकानाचं नाव नको. तो म्हणाला, "स्पेअरचाच आहे ना, साधी ग्रिप पुरे." मीही मान डोलावली. माझा स्ट्राइक बॉल फिंगरटिप, म्हणजे बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातात. याला कन्व्हेन्शनल भोकं, बोटं दुसऱ्या पेरापर्यंत. अंगठ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर वेगळं, अंगठ्याच्या भोकाचा कोनही वेगळा. पहिल्याच फ्रेमला अंगठा अडकला. बॉल सुटला तो उशिरा, वर उचलला जाऊन, आणि लेनवर असा धपकन आपटला की शेजारच्या दोन लेनवरचे लोक वळून बघायला लागले. अंगठ्याच्या सांध्यावरची साल निघाली ती तीन आठवडे टेप लावून फिरत होते. शेवटी भोकं बुजवून परत पाडून घेतली. ड्रिलचे पैसे दोनदा, वर बुजवणावळ.

तर नोव्हीकर, दुकानात जाताना स्ट्राइक बॉल सोबत न्या आणि टेबलावर ठेवून सांगा, डोळे मिटून हात घातला तर कुठला बॉल आहे ते मला कळता कामा नये. तीच मापं, अंगठ्याची तीच आतली नळी, बोटांना त्याच रबरी टोप्या. वजनही तेच, १५ असेल तर १५. एका पिनेला दहा पौंडही पुष्कळ, पण हात वजनाच्या भरवशावर झोका घेतो. हलका बॉल आला की आपण नकळत ओढतो.

चिकूमिल्कशेक | १६ जानेवारी

बुजवणावळ! शब्द चोरतोय, रस्त्याच्या खड्ड्यांच्या धाग्यावर वापरणार.

एक बाळबोध शंका. प्लास्टिक सरळच जातो, तर पूर्वी लोक त्याने स्ट्राइक मारायचेच नाहीत का?

अण्णा_मिलवॉकी | १७ जानेवारी

अवांतर आहे, पण विचारलंत म्हणून. पूर्वी सगळे त्यानेच मारायचे. रबरी बॉलनंतर पॉलिएस्टर आला. १९७३ साली डॉन मॅक्यून नावाच्या खेळाडूने हा प्लास्टिकचा बॉल रसायनात भिजवून त्याचं कवच मऊ केलं. मऊ कवच लेन धरतं, बॉल वळतो. गडी त्या वर्षी पीबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग बाकीचेही बादल्या भरून बॉल भिजवायला लागले, वास आणि वाफा यायला लागल्या, आणि शेवटी कवच किमान किती कडक हवं याचा नियम आला. पुढे ८० च्या दशकात युरेथेन, ९० च्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह. ज्या गुणासाठी प्लास्टिक मागे पडला त्याच गुणासाठी आता तो पिशवीत दुसरा म्हणून असतो.

हे सगळे नियम करणाऱ्या मंडळींचं ऑफिस आमच्या इथे मिलवॉकीजवळ ग्रीनडेलला होतं, ते २००८ साली उचलून टेक्सासला नेलं. त्याबद्दल मी आणखी बोललो तर धागा भरकटेल.

सरळमार्गी | १७ जानेवारी

घ्यायचाच असेल तर निदान नवा तरी घेऊ नका. गॅरेज सेलमध्ये दहा डॉलरला मिळतात.

अण्णा_मिलवॉकी | १७ जानेवारी

मिळतात, आणि प्लास्टिक तेल पीत नसल्यामुळे दहा वर्षं जुनाही नव्यासारखा चालतो. हा मुद्दा तुमचा बरोबर. दोन गोष्टी बघा. एक, जुनी भोकं दुसऱ्याच्या हाताची असतात, ती बुजवून नवी पाडायला नव्या बॉलइतकाच खर्च येऊ शकतो. दुसरी, जुन्या बॉलना कधी कधी चौथं भोक असतं, वजन तोलायला पाडलेलं. १ ऑगस्ट २०२० पासून ज्यात बोट जात नाही असं भोक यूएसबीसीच्या (तीच नियम करणारी मंडळी) लीगमध्ये चालत नाही.

आणि नोव्हीकर, बॉल येईपर्यंत ही रेष पाठ करा. दहावी पिन उजवीकडून तिसऱ्या बोर्डावर उभी असते. फाऊल लाईनवर (जिच्या अलीकडून बॉल सोडायचा ती रेष) बॉल २६ व्या बोर्डावर टेकवा आणि सुमारे १५ फुटांवर जे बाण आहेत त्यातल्या मधल्यावरून, म्हणजे २० व्या बोर्डावरून न्या. १५ फुटांत सहा बोर्ड सरकला, तर ६० फुटांत चोवीस. २६ वजा २४, दुसरा बोर्ड, पिनेच्या अंगावरच. बॉल पायाच्या सहासात बोर्ड उजवीकडे टेकतो, म्हणून तुमचा पाय ३२-३३ वर. डोळे बाणावर ठेवा, पिनेकडे बघूच नका.

नेम फार बारीक नाही, घाबरू नका. बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिनेचा जाड भागात पावणेपाच. दोघांच्या त्रिज्या मिळून साडेसहा इंच. मधल्या पिनेला दोन्हीकडून एवढी जागा मिळते. कोपऱ्यातलीला आतल्या बाजूने साडेसहा आणि गटाराकडून जेमतेम अडीच-तीन. तरी नऊ इंच झाले. न वळणाऱ्या बॉलला नऊ इंच म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा.

कोथरूडचा_कॉन्या | १९ जानेवारी

सगळं वाचतोय आणि जळतोय. मी पुण्यात मॉलमधल्या लेनवर खेळतो. शनिवारी तिथे वाढदिवसाच्या पार्ट्या असतात, शेजारच्या लेनवरून लहान मुलं दोन्ही हातांनी बॉल ढकलतात. लेनवर तेल घालताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. इथे स्पेअर बॉल आणि स्ट्राइक बॉल असा भेद करण्याइतकीही चैन नाही.

मेव्हणा न्यू जर्सीला असतो. त्याच्या मागे लागून १४ पौंडी मागवला, म्हणजे ६.३५ किलो. २३ किलोच्या बॅगेत एवढा गोळा बसला आणि सासूबाईंसाठीचे बदाम तिथेच राहिले. ते मला अजून ऐकवतात. बॉल आला, आणि त्याला भोकं होती. "तुझी नि माझी हाताची ठेवण सारखीच आहे" म्हणून पठ्ठ्याने स्वतःच्या हाताचं माप देऊन ड्रिल करून आणला होता! माझा अंगठा आत गेला की बाहेर यायला साबण लागतो. सध्या तो दाराला अडसर म्हणून आहे.

झेंडूची_फुलं | १९ जानेवारी

कॉन्या, हसू नये पण हसले. तेल नसलेल्या लेनवर तुझा पहिला बॉलही प्लास्टिकचाच असायला हवा. तिथे रिॲक्टिव्ह आणलास तर तो उजव्या बाजूने निघून डाव्या गटारात जाईल.

नोव्हीकर | १३ फेब्रुवारी

अपडेट देतो. प्लास्टिक घेतला, १५ पौंडी. रंग मुलीने निवडला, जांभळा-गुलाबी, आत चमकी. बॉल ८५ डॉलर, ड्रिलिंग, नळी आणि टोप्या मिळून ७०. झेंडूताई, तुमचं वाक्य दुकानात जसंच्या तसं म्हटलं. म्हातारा ड्रिलवाला खूश झाला. जुन्या बॉलच्या प्रत्येक भोकात माप घालून त्याने कागदावर नकाशा काढला, तो कागद मलाही दिला.

पहिला बुधवार फजितीचा. आदल्या रात्री बॉल गाडीच्या डिकीतच राहिला. बाहेर उणे १५. आत आणल्याबरोबर त्यावर चष्म्यावर येतं तसं दव आलं, पुसलं की परत येई. पहिला बॉल हातातून साबणासारखा निसटला. दव सुकल्यावर वेगळाच घोळ. रिॲक्टिव्हच्या सवयीने मी वळणाची जागा सोडून उजवीकडे टाकत होतो, आणि हा पठ्ठ्या वळेचना. चार वेळा दहावी उरली, तीनदा गटार. टीममधल्या एकाने त्या गुलाबी बॉलकडे बघून विचारलं की मुलीला परत द्यायचा का.

मग अण्णांची रेष. २६ वर टेकवायचा, मधल्या बाणावरून न्यायचा, पिनेकडे बघायचं नाही. न बघणं सगळ्यात कठीण. पण बाणावरून गेला की आवाजावरून कळतं. एकट्या पिनेचा 'टक्' आवाज वेगळाच असतो.

वही चालू आहे. गेल्या नऊ गेमांत दहावी १५ वेळा उरली, १० पाडल्या. बायकोला आकडे दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे अजून पाच सुटल्याच."

एक नवीन दुखणं. २-४-५-८ अशा चार पिना (पुढे दुसरी, बाजूंना चौथी-पाचवी, मागे आठवी) उरल्या की प्लास्टिकने तीन पडतात आणि मागची आठवी उभी राहते. नेहमी.

अण्णा_मिलवॉकी | १३ फेब्रुवारी

पहिलं म्हणजे बॉल डिकीत ठेवू नका. गुलाबी वाचेल कदाचित, पण रिॲक्टिव्हचं कवच अशा गारठ्या-उबेत तडकतं. घरात ठेवा, कपाटात, चपलांशेजारी, कुठेही.

त्या चार पिनांना आम्ही बकेट म्हणतो, आणि तिथे प्लास्टिक काढायचाच नाही. तो सरळ येऊन दुसऱ्या पिनेवर आदळतो, धक्क्याने बाजूला सरकतो आणि मागच्या आठवीपर्यंत पोचत नाही. वळत येणारा बॉल त्या पिनांमध्ये शिरून पुढे जात राहतो. बकेटला स्ट्राइक बॉलच, जागा थोडी बदलून. प्लास्टिक फक्त कोपऱ्यांसाठी आणि एकट्या पिनांसाठी. ६-१० लाही चालेल.

दोनहाती | १४ फेब्रुवारी

मी बकेटलाही प्लास्टिकच टाकतो, दुसऱ्या पिनेवर नाकासमोर आणि जोरात. आठवी मागे सरळ रेषेतच असते, दुसरी पिन उडून तिला पाडते. माझा वेग जास्त आहे म्हणून जमत असेल.

अण्णा_मिलवॉकी | १४ फेब्रुवारी

जमेल, पण चौथी किंवा पाचवी मागे राहील एखाद्या दिवशी. दुसरी अगदी नाकावर लागली तर बाजूच्या दोघींना कोण पाडणार? करून बघा आणि नोव्हीकरांसारखं वहीत लिहा.

सरळमार्गी | १४ फेब्रुवारी

वहीचं मात्र मलाही पटलं. काल पाच गेम लिहिले. आकडे सांगत नाही.

कोथरूडचा_कॉन्या | १५ फेब्रुवारी

मे महिन्यात मेव्हण्याकडे जातोय. या वेळी स्वतः जाऊन माप देणार. माप देताना काय सांभाळायचं? आणि दाराचा अडसर परत नेऊन भोकं बुजवून मिळतील का?

झेंडूची_फुलं | १५ फेब्रुवारी

मिळतील, बुजवणावळ पडेल, पण नव्या बॉलचे पैसे वाचतील. विमानातून उतरल्या उतरल्या माप देऊ नकोस, हात सुजलेले असतात. दोन दिवस थांब, दोनतीन गेम खेळ आणि मग जा. अंगठ्याचं भोक नेहमीच्या अंगठ्यापेक्षा किंचित सैल ठेवायला सांग, टेपच्या दोन पट्ट्या आत बसतील एवढं. अंगठा फुगला की एक पट्टी काढायची, उतरला की लावायची. आणि येताना आधी बदाम भर, मग बॉल.

चिकूमिल्कशेक | १५ फेब्रुवारी

तोवर दार कशाने अडवणार?